एका खुंटावरून पाऊस कळत नसतो

मा. संपादक,
स. न.

झाडाच्या कड्यांवरून जुना पाऊस शोधायचा तो पुरवणीतला लेख काल वाचला. विषय चांगलाच आहे, पण लिहिणाऱ्यानं आयुष्यात एखादं झाड कापलेलं पाहिलंय का हा प्रश्न पडला. म्हणे खोडात वर्षाला एक गोल कडी वाढते, पाऊस चांगला तर जाड, कमी तर बारीक, म्हणून कोणतंही झाड घ्या, कड्या मोजा, पावसाचा हिशेब हातात! कोणतंही? आंबा कापून बघा म्हणा, कड्या धड मोजता आल्या तर मले सांगा. सागवानाचं बरं असते, उन्हाळ्यात पानं झाडून उघडं उभं राहते अन् वाढ सुरू झाली की आधी मोठ्या छिद्रांची ओळ टाकते, म्हणून कडी नुसत्या डोळ्यानं दिसते. फोटो मात्र तुम्ही छापला कुठल्यातरी परदेशी पाइनचा. अख्ख्या विदर्भात तुम्हाला सागवान सापडलं नाही, कमाल आहे.

मी हे मोजून सांगतो. आमच्या धुऱ्यावर आज्यानं लावलेलं सागवान होतं. पोरीच्या लग्नाच्या वेळी विकावं म्हणून तोड परवानगी मागितली तर दोन वर्षं हेच, सातबारा द्या, नकाशा द्या, मोजणी आणा, साहेब दौऱ्यावर आहेत. लग्न झालं, नातू झाला, कागद काही आला नाही. अन् 2019 च्या मे महिन्यात रस्ता रुंद करायला ठेकेदाराची माणसं आली, जेवणाच्या सुट्टीआधी झाड आडवं! त्यांना कोणता सातबारा लागला देव जाणे. लाकूड ट्रकमध्ये गेलं, आमच्या वाट्याला खुंट.

मग काय, खुंटावर रंधा मारला, पॉलिश पेपरनं घासला, पाणी शिंपडलं आणि मी अन् पुतण्या टाचण्या घेऊन बसलो. झाड पावसाच्या आधी पडलं म्हणजे सालीजवळची पहिली कडी 2018 ची, तिथून आत मोजलं तर बहात्तरची सत्तेचाळिसावी यायला पाहिजे. दुष्काळाचं साल, बारीक असणार, असं आधीच ठरवून बसलो होतो. तर सत्तेचाळिसावी चांगली नखाएवढी जाड अन् बारीक निघाली एकोणपन्नासावी. शेवटी माझ्या कड्या भरल्या 69, पोट्ट्याच्या 73. मग ध्यानात आलं की भर पावसाळ्यात पंधरा-वीस दिवस उघडीप पडली की झाड थांबते, पुन्हा वाढते, अन् एकाच वर्षात दोन कड्या वाटतात. तशी एक कडी बोटानं गोल फिरवत नेली तर पलीकडं जाऊन गायबच झाली.

बरं, सालीकडून सहावी कडी 2013 ची, त्यात काही घोळ नव्हता. त्या साली पुरानं आमचं वावर खरडून नेलं, अन् कडी कागदासारखी पातळ! कारण त्या वर्षी अळीनं पानांची जाळी करून टाकली होती, झाड खाणार काय अन् वाढणार काय. तुमच्या लेखाच्या हिशेबानं 2013 ला आमच्याकडं कोरडा दुष्काळ.

म्हणून तर पुण्याच्या हवामान संशोधन संस्थेतल्या लोकांनी केरळातल्या सागवानाची 1481 ते 2003 अशी 523 वर्षांची नोंद लावली ती पुष्कळ झाडांच्या कड्या एकमेकांशी जुळवून. चार झाडांत तीच कडी बारीक निघाली तर पावसाचं नाव घ्यायचं, एकाच झाडात निघाली तर अळी, वणवा, काहीही असू शकते. आणि त्यासाठी झाड पाडावंही लागत नाही, गिरमिटानं पेन्सिलीएवढी कांडी काढतात, झाड उभंच राहते. हे सगळं तुम्ही दोन ओळीत उरकलं अन् अॅरिझोनाच्या डग्लस साहेबाला, ज्यानं हे कड्यांचं शास्त्र सुरू केलं, अर्धा कॉलम. मोठा माणूस होता, मान्य, पण वाचणारे आम्ही इकडं आहोत ना.

पावसाच्या नोंदीचा एवढाच कळवळा असंल तर आमच्या महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर एक लेख लिहा. यंत्र बारा किलोमीटर दूर, तिथं पडला म्हणून आमच्याकडंही पडला असं धरलं, अन् पिकाचा विमा नामंजूर. माझी कापसाची पराटी त्या बारा किलोमीटरनंच वाळली.

खुंटाची दुसरी बाजू पण मोजायची होती, पण त्याच आठवड्यात जेसीबीनं उपटून नेला. टाचण्या पण गेल्या.

आणि हो, रविवारची पुरवणी आमच्याकडं सोमवारी येते, तेवढं वितरणवाल्याला सांगा.

आपला,
एक वर्गणीदार
ता. वणी, जि. यवतमाळ