नुसते टन छापू नका, माशाची लांबीही छापा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

‘मासळीचे उत्पादन वाढले’ किंवा ‘घटले’ अशी बातमी आली की तिच्यात आकडा एकच असतो: किती टन मासळी उतरली. समुद्रात किती उरली हे त्यावरून कळत नाही. बोटींच्या 100 फेऱ्यांत 100 टन मिळत होते आणि पुढे 200 फेऱ्यांत 120 टन मिळाले, तर बातमी 20 टक्के वाढीची होते. प्रत्यक्षात फेरीमागे 1,000 किलोंचे 600 किलो झालेले असतात. शिवाय आजची फेरी म्हणजे जुनी फेरी नव्हे. इंजिन, सोनार (ध्वनिलहरींनी मासे शोधणारे यंत्र), जाळे यांमुळे बोटीची ताकद वर्षाला 3 टक्के वाढली, तरी 24 वर्षांत ती दुप्पट होते.

थव्याने राहणाऱ्या माशांच्या बाबतीत फेरीमागचा आकडाही दगा देतो. साठा आटला तरी उरलेले मासे एकत्र येतात, सोनार तो थवा शोधून काढतो आणि जाळे पूर्वीसारखेच भरते. कॅनडातील न्यूफाउंडलंडच्या कॉड या माशाबाबत हेच घडले. 1968 मध्ये तिथे 8 लाख टनांहून जास्त कॉड पकडला गेला. 1980 च्या दशकात ट्रॉलरना (जाळे ओढत नेणाऱ्या बोटींना) चांगली मासळी लागत होती, म्हणून साठ्याचा अंदाज फुगलेला राहिला. 2 जुलै 1992 रोजी मासेमारी बंद करावी लागली आणि सुमारे 30 हजार लोकांचा रोजगार गेला. दोन वर्षांसाठी म्हणून घातलेली ती बंदी उठली 2024 मध्ये.

म्हणूनच लांबी महत्त्वाची, आणि ती मोजायला पट्टी पुरते. निवड होण्याआधीच्या ढिगातून, वेगवेगळ्या बोटींवरून, एकाच जातीचे 200 मासे घ्यावेत. तोंडाच्या टोकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत मोजावे. मोठे-लहान वेगळे केल्यावर मोजले तर मोजणी वाया जाते. त्या जातीच्या निम्म्या माद्या ज्या लांबीला पहिल्यांदा अंड्यावर येतात, तिच्याहून बहुतेक मासे लहान निघाले, तर ते एकदाही अंडी न घालता जाळ्यात येत आहेत. मात्र एका वर्षावरून निकाल देऊ नये. पिल्लांचे पीक चांगले आले तरी सरासरी लांबी उतरते, आणि पिल्ले जगलीच नाहीत तर ती वाढते. सलग चार-पाच वर्षांची नोंद हवी.

मोठ्या माद्या जाणे हे सर्वांत मोठे नुकसान आहे. अंडी वजनाच्या प्रमाणात वाढत नाहीत, त्याहून अधिक वेगाने वाढतात. 30 किलोंची एक कॉड मादी 2 किलोंच्या 15 माद्यांपेक्षा जास्त अंडी देते. वजन तेवढेच, पुढची पिढी मात्र कमी.

जाळ्याचा आस (विणीतले भोक) मोठा ठेवला की पिल्ले सुटतात, हेही अर्धेच खरे. खोल्यात, म्हणजे मासळी साठते त्या जाळ्याच्या शेवटच्या पिशवीत, वजन भरले की ओढीने हिऱ्याच्या आकाराचा आस ताणून मिटतो आणि कागदावरच्या मिलिमीटरला अर्थ राहत नाही. चौकोनी आस उघडा राहतो. त्यावर दुसरे जाळे चढवले तर तोही निकामी. तपासणी बंदरात कोरड्या जाळ्याची न करता भरलेल्या खोल्याची व्हायला हवी.

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या हिशेबाप्रमाणे 1974 मध्ये सुमारे 10 टक्के सागरी साठ्यांवर अतिमासेमारी होती, 2021 मध्ये 37.7 टक्क्यांवर. पण साठे सावरतातही. 2010 च्या सुमारास अटलांटिकच्या ब्लूफिन ट्यूनाची पकड-मर्यादा कडक केली आणि पाळली, तेव्हा तो मासा परतला.

आमची विनंती एवढीच: टनांसोबत फेऱ्या, बोटींची एकूण अश्वशक्ती आणि मुख्य जातींची सरासरी लांबी छापावी. सर्व जातींची बेरीज एका आकड्यात देऊ नये, कारण मोठे शिकारी मासे संपून लहानांनी जागा भरली तरी बेरीज तशीच दिसते. संबंधित खात्याकडे लांबीची नोंदच नसेल, तर बातमीत तेही स्पष्ट लिहावे.

आपले,
मत्स्यसाठ्यांच्या मोजणीचे काम करणारे काही वाचक