चेहरा एकदा फुटला की बदलता येत नाही

व्हिडिओ गेममध्ये वय ठरवण्यासाठी मुलांना कॅमेऱ्यासमोर चेहरा धरायला लावण्याची पद्धत झपाट्याने रूढ होते आहे. रोब्लॉक्स या मुलांमध्ये लोकप्रिय असलेल्या ऑनलाइन गेमिंग मंचाने जानेवारी २०२६ मध्ये चॅटसाठी अशी तपासणी जगभर सक्तीची केली. अनोळखी प्रौढांपासून मुलांना जपायचे, हा हेतू रास्तच आहे. माझी हरकत मार्गाला आहे.

फोटो तपासून लगेच पुसून टाकतो, असे सांगितले जाते. पण हे काम अनेकदा बाहेरच्या कंपनीकडे सोपवलेले असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये डिस्कॉर्ड या गेम खेळणाऱ्यांच्या गप्पांच्या अ‍ॅपला जाहीर करावे लागले, की ग्राहकसेवा पाहणाऱ्या अशाच एका कंपनीमार्फत सुमारे ७० हजार जणांच्या ओळखपत्रांचे फोटो चोरांच्या हाती लागले असावेत. वयाबाबतच्या तक्रारींसाठीच लोकांनी ते विश्वासाने दिले होते! पासवर्ड फुटला तर दुसरा ठेवता येतो. चेहरा कुठून आणायचा? तोही अशा मुलाचा, ज्याला संमती देणे म्हणजे काय हे अजून पुरते कळतही नाही.

शिवाय चेहऱ्यावरून मिळतो तो केवळ अंदाज. बारा आणि चौदा वर्षांतला फरक घरच्या माणसांनाही पटकन सांगता येत नाही. अंदाज चुकला की ओळखपत्र मागितले जाते, म्हणजे आणखी नाजूक माहिती द्यायची.

तपासणी करायचीच असेल, तर ती फोनमध्येच पूर्ण व्हावी. प्रतिमा बाहेर जाऊच नये आणि याची खात्री कंपनीने नव्हे, स्वतंत्र तपासनिसांनी द्यावी. तोवर पालकांनी ‘पुढे जा’चे बटण दाबण्याआधी अटी वाचाव्यात, ही कळकळीची विनंती.

— एक पालक