गिटार खुंटीवर जाऊ नये म्हणून

मा. संपादक,
स. न. वि. वि.

युनेस्कोने २०२३ मध्ये ग्वाल्हेरला संगीतनगरीचा मान दिला. १९१८ साली संगीतशास्त्रज्ञ वि. ना. भातखंडे यांच्या पुढाकाराने सुरू झालेले माधव संगीत महाविद्यालयही याच गावचे. ख्याल शिकू पाहणाऱ्याला इथे वाट दाखवणारे भेटतात. हौसेने गिटार घेऊन गाऊ पाहणाऱ्या नोकरदाराला, गृहिणीला किंवा निवृत्त माणसाला मात्र बहुधा मोबाइलवरच्या व्हिडिओचाच आधार असतो. व्हिडिओ कॉर्डचा, म्हणजे एकदम छेडायच्या स्वरांच्या जुळणीचा, आकार दाखवतो, पण आपली तार किती उंच आहे आणि गळा कुठे अडतो हे त्याला कळत नाही. शेजारी बसलेल्या दुसऱ्या हौशी माणसाला ते दिसते आणि ऐकूही येते. म्हणून इथल्या मराठी मंडळींनी आठवड्यातून एकदा गिटार-गाण्याची बैठक भरवावी, असे आम्हाला कळकळीने वाटते. त्या बैठकीत नेमके काय करावे, हे सांगण्यासाठी हे पत्र.

आधी वाद्य तपासावे. नव्या माणसाची बोटे दुखतात आणि आपल्याला हे जमणार नाही असे तो ठरवून टाकतो. पुष्कळदा दोष तारेच्या उंचीचा असतो. गिटारच्या नेकवर, म्हणजे लांब दांडीवर, धातूच्या आडव्या कांबी असतात, त्या फ्रेट. बाराव्या फ्रेटवर स्टीलची मोजपट्टी उभी धरून फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंत मोजावे. स्टीलच्या तारांच्या गिटारला जाड सहाव्या तारेखाली अडीच मिलिमीटरच्या आसपास आणि बारीक पहिल्या तारेखाली दोनच्या आसपास अंतर पुरते. साडेतीन-चार भरले तर नवशिक्याच्या बोटांवर तो अन्यायच आहे. मग सहावी तार पहिल्या आणि चौदाव्या फ्रेटवर एकदम दाबून सातव्या फ्रेटपाशी फट पाहावी. व्हिजिटिंग कार्ड जेमतेम सरकेल एवढी असावी. फट जास्त असेल तर ट्रस रॉड, म्हणजे नेक सरळ ठेवणारा आतला लोखंडी दांडा, घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने पाव फेरा फिरवावा, तारा पुन्हा सुरात लावाव्यात आणि मगच परत मोजावे. एकदम अर्धा-पाऊण फेरा देऊ नये. नेक सरळ असूनही तार उंच राहिली तर सॅडल, म्हणजे ब्रिजमधली तारा टेकतात ती छोटी पट्टी, खालच्या बाजूने घासावी लागते. सॅडल एक मिलिमीटर उतरली की बाराव्या फ्रेटवर तार अर्धा मिलिमीटर उतरते, हे ध्यानात ठेवून सपाट जागी पॉलिशपेपर पसरून थोडी थोडी घासावी. घासून गेलेले परत येत नाही. नायलॉनच्या तारांच्या क्लासिकल गिटारवर स्टीलच्या तारा मात्र कधीच चढवू नयेत. तो ताण तिच्या वरच्या लाकडी पाटीला सोसत नाही आणि ब्रिज उखडतो.

ग्वाल्हेरच्या हवेचाही यात मोठा हात आहे. मे महिन्याच्या लूमध्ये लाकूड आकसते, फ्रेटची टोके नेकच्या कडेने बाहेर येऊन तळहाताला टोचतात. श्रावणात तेच लाकूड ओल धरते, वरची पाटी फुगते आणि तारा वर चढतात. तेव्हा हे मोजमाप वर्षातून दोनदा करावे. गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. कूलरच्या झोतासमोर किंवा तापलेल्या गाडीच्या डिकीत ती ठेवू नये; वाजवून झाली की केसमध्ये जावी.

आमच्या मते याहून मोठा अडसर पट्टीचा, म्हणजे षड्ज कोणत्या सुरावर धरायचा याचा, आहे. गाण्याचे जे कॉर्ड छापलेले मिळतात ते बहुतेक वेळा मूळ गायकाच्या पट्टीतले असतात. ती पट्टी आपल्या गळ्याची असेलच असे नाही. त्यातून पट्टी ठरवताना लोक मुखडा गाऊन पाहतात. मुखडा मध्य सप्तकात आरामात बसतो, आणि अंतऱ्यात तार षड्जाच्या पुढे गेले की मान ताठ होते, आवाज चिरकतो. म्हणून बैठकीत उलटे करावे. गाणाऱ्याने गिटारशिवाय अंतऱ्यातली सगळ्यात उंच ओळ तीनदा म्हणावी. तिसऱ्यांदाही ती मोकळी लागली तर गिटारवाल्याने तिथून षड्ज शोधावा. गळा आवळला तर पट्टी एक-दोन स्वर खाली घ्यावी, आणि मुखड्यातला सगळ्यात खालचा स्वर अजून ऐकू येतो का ते पाहावे. साधारणपणे पुरुषांना हार्मोनियमची काळी १ ते काळी २ आणि बायकांना काळी ४ ते काळी ५ सोयीची पडते, पण हा अंदाज आहे. गाणे बदलले की पट्टीही बदलू शकते.

पट्टी सापडली की कॅपो, म्हणजे नेकवर सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा, घ्यावा. पहिल्या फ्रेटवर कॅपो लावून सी कॉर्डचा आकार धरला की काळी १ मिळते, डीचा धरला की काळी २, जीचा धरला की काळी ४ आणि एचा धरला की काळी ५. जीचा आकार तिसऱ्या फ्रेटवरही काळी ५ देतो, आणि गाण्यातले बाकीचे कॉर्ड ज्यात सोपे जातील तो आकार निवडावा. कॅपो फ्रेटच्या कांबीला अगदी लागून, तिच्या मागे आणि सरळ बसवावा. दूर राहिला तर तारा झणझणतात, तिरपा बसला तर बेसूर होतात. लावल्यावर एकदा सूर तपासावाच. घरात जुना हार्मोनियम असेल तर आधी त्याची पांढरी ६ आणि गिटारची मोकळी पाचवी तार जुळवून पाहावी. पुष्कळ हार्मोनियम ४४० हर्ट्झ या प्रमाण सुरावर नसतात. अशा वेळी सगळ्या गिटारी हार्मोनियमला लावाव्यात, कारण त्याचे सूर जागेवर बदलता येत नाहीत. काळी १ मध्ये गाणारा पुरुष आणि काळी ५ मध्ये गाणारी बाई यांनी मधली पट्टी शोधत बसू नये. दोघांचाही गळा ओढला जातो. एकाने गावे, दुसऱ्याने साथ करावी, मग उलट.

तंबोऱ्यावर कान तयार झालेल्या घरांत, आणि ग्वाल्हेरात ती कमी नाहीत, आणखी एक अडचण येते. गिटारबरोबर शुद्ध गंधार ‘लागत’ नाही अशी तक्रार असते, आणि ती खरी आहे. अर्ध्या स्वराचे १०० भाग मानले तर गिटारचा गंधार षड्जापासून ४०० भागांवर असतो आणि तंबोऱ्यातून उमटणारा ३८६ वर. चौदा भागांचा फरक तयार कानाला खुपतो. पंचमात मात्र फरक जेमतेम दोन भागांचा असतो. त्यामुळे गाणारा गंधारावर थांबणार असेल तिथे साथीतून गंधार काढूनच टाकावा. ए कॉर्डच्या आकारात तर्जनीने चौथी आणि तिसरी तार दुसऱ्या फ्रेटवर दाबावी, दुसरी तार त्याच बोटाच्या टोकाने मुकी करावी, पाचवी आणि पहिली मोकळी सोडावी, सहावी वाजवू नये. एवढ्यात फक्त सा आणि प राहतात, आणि गळ्याला आपला गंधार घ्यायला जागा मिळते. कॅपो पहिल्या फ्रेटवर असेल तर हीच पकड काळी ५ ची, चौथ्या फ्रेटवर असेल तर काळी १ ची.

तालात परके पॅटर्न पाठ करण्यापेक्षा दादरा आणि केरवा हाताखाली घ्यावेत. दादऱ्याच्या सहा मात्रांत पहिलीला अंगठ्याने खर्जाची तार, दुसऱ्या-तिसऱ्या मात्रेला बारीक तीन तारा. चौथीला ‘खाली’ (टाळीऐवजी रिकामा हात) असल्याने तिथे खर्ज टाळून हलका हात. एकाने टाळी-खाली द्यावी, दुसऱ्याने वाजवावे. गाणे आणि हात एकत्र जमत नसेल तर आधी वाजवत शब्द नुसते बोलावेत, मग सगळे शब्द एका षड्जावर म्हणावेत, चाल शेवटी आणावी. कॉर्ड बहुधा समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, बदलतो, पण शब्द सम सोडून उठतो, म्हणून हात अडखळतो. कॉर्ड बदलण्याचा सराव निराळा करावा: जी ते सी, घड्याळ लावून एक मिनिट. मिनिटाला तीस स्वच्छ बदल होऊ लागले की गाणे घ्यायला हरकत नाही. बोटांचे घट्टे पडायला दोन ते चार आठवडे लागतात, तोवर दहा-पंधरा मिनिटांचा सराव दिवसातून दोनदा पुरे. टोके दुखणे स्वाभाविक आहे. मनगट दुखले किंवा बोटे बधिर झाली तर मात्र थांबावे. आवाज दोन-तीन आठवडे बसलेलाच राहिला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवावे, काढे करत बसू नये.

सहा ते आठ माणसे, दोन तास आणि एका वेळी तीनच गिटारी, एवढी बैठक पुरेशी असते. त्याहून जास्त गिटारी वाजल्या की गाणारा ओरडू लागतो. सुरात लावण्यासाठी क्लिपचा ट्यूनर ठेवावा. तो लाकडाची थरथर टिपतो, त्यामुळे गलक्यातही चालतो. तार नेहमी खालून वर चढवत लावावी. गाणे झाल्यावर एका माणसाला एकच दुरुस्ती सांगावी, आणि तीही करता येण्याजोगी: ‘अंगठा नेकच्या मागे घे’, ‘तिसऱ्या ओळीआधी श्वास घे’. ‘फील कमी आहे’ असे म्हटल्याने कोणाचेच काही सुधारत नाही.

शहराच्या लष्कर या भागातल्या आपल्या मंडळांकडे आणि देवळांच्या विश्वस्तांकडे आमची विनंती आहे की, आठवड्यातल्या एका संध्याकाळी दोन तासांसाठी खोली द्यावी. माइक नको, मंच नको. पंखा हळू चालणारा असावा, दार लागणारे असावे आणि खुर्च्या बिनहाताच्या असाव्यात, कारण हाताच्या खुर्चीत गिटार मांडीवर नीट बसत नाही.

आपले,
काही गिटारप्रेमी वाचक, लष्कर, ग्वाल्हेर