सॉफ्टवेअर कोऱ्या यंत्रावर तपासा

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. तरी जिल्ह्यातल्या पतसंस्था आणि दूध संस्थांच्या काउंटरवर ती अजून दिसते आणि शेजारच्या टेबलावर विंडोज ११ असते. दोन्हीकडे चालायचे असते एकच सॉफ्टवेअर. ते बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांत तपासणी बहुधा प्रोग्रामरच्याच संगणकावर उरकली जाते. तिथे डॉटनेट, डेटाबेस, फॉन्ट सगळे आधीच बसलेले, मग अडणार काय? अडते ते गावात. ‘डीएलएल (सॉफ्टवेअरला लागणारी पूरक फाइल) सापडत नाही’ असा निरोप येतो किंवा युनिकोडपूर्व फॉन्टमधली सभासदांची नावे इंग्रजी अक्षरांच्या गिचमिडीत उमटतात.

यावर उपाय म्हणजे प्रत्येक विंडोजचे एक कोरे व्हर्च्युअल मशीन (संगणकातच सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा संगणक) टेम्प्लेट म्हणून ठेवणे, म्हणजे त्याच्या हव्या तितक्या नकला (क्लोन) काढता येतात. त्यासाठी व्हर्च्युअलबॉक्स किंवा प्रॉक्समॉक्स हे सॉफ्टवेअर पुरते. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी डिस्क, यूईएफआय (संगणक सुरू करणारी नवी प्रणाली) आणि टीपीएम २.० (सुरक्षा चिप) लागते. डिस्क ८० जीबीची, पण वापराप्रमाणे वाढणारी ठेवावी. विंडोज बसल्यावर पहिल्या स्वागत-पडद्यावर कंट्रोल-शिफ्ट-एफ३ दाबून ऑडिट मोडमध्ये (वापरकर्ता तयार होण्याआधीच्या तयारीच्या स्थितीत) जावे. मराठी कीबोर्ड आणि अपडेट तिथेच द्यावेत, आपले सॉफ्टवेअर मात्र देऊ नये. इथे स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची जपलेली अवस्था) घ्यावा आणि मग सिस्प्रेप हे यंत्राची स्वतःची ओळख पुसणारे विंडोजचे साधन ‘जनरलाइझ’ पर्यायासह चालवून मशीन बंद करावे.

ही पायरी गाळून नुसती नक्कल काढली, तर सगळ्या क्लोनचा एसआयडी (विंडोजने यंत्राला दिलेला ओळख क्रमांक) एकच राहतो. पूर्वी हे खपून जायचे. ऑगस्ट २०२५ अखेरच्या अपडेटपासून विंडोज ११ ची २४एच२ आणि २५एच२ आवृत्ती एकच एसआयडी असलेल्या यंत्रांमधले लॉगिन नाकारते, त्यामुळे शेअर केलेले फोल्डर आणि रिमोट डेस्कटॉप बंद पडतात. पासवर्ड बरोबर असूनही हे होते, म्हणून शोधण्यात वेळ जातो.

सिस्प्रेप स्वतःही अडते. मायक्रोसॉफ्ट स्टोअरचे एखादे ॲप एकाच वापरकर्त्यापुरते अपडेट झाले की पुरे. त्याचे नाव सिस्प्रेपच्या पँथर फोल्डरमधल्या सेटअपॲक्ट लॉगमध्ये मिळते. त्यापेक्षा टेम्प्लेट तयार होईपर्यंत नेटवर्क तोडून ठेवावे आणि अपडेटच्या फाइल आयएसओतून द्याव्यात. लिनक्ससाठी काम थोडे: यंत्राची ओळख ठेवणारी मशीन-आयडी फाइल रिकामी करायची (पुसायची नाही) आणि एसएसएचच्या (दुरून लॉगिन करण्याच्या सोयीच्या) होस्ट-कीज काढायच्या. नाहीतर उबुंटू सर्व्हरचे दोन क्लोन एकाच आयपीवर भांडतात.

खरी हयगय होते ती पुढे. मायक्रोसॉफ्टचे अपडेट महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात. त्यानंतर सिस्प्रेपपूर्व स्नॅपशॉटवर परतावे, अपडेट द्यावे, पुन्हा सिस्प्रेप करावे आणि नव्या टेम्प्लेटला महिन्याचे नाव द्यावे. हे सगळे पॅकर या टेम्प्लेट आपोआप बनवणाऱ्या साधनाच्या स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवले तर उत्तम. माणूस नोकरी सोडून पुण्याला गेला तरी कृती ऑफिसात राहते. विंडोज एंटरप्राइझची चाचणी प्रत ९० दिवसांची असते, त्यामुळेही दरमहा नवे टेम्प्लेट सोयीचे. जुन्या टेम्प्लेटला मात्र हात लावू नये. लिंक्ड क्लोन (पूर्ण डिस्कची नक्कल न करता काढलेल्या प्रती) त्याच डिस्कवर उभे असतात, मूळ बदलले की सगळे एकदम बिघडतात.

आपल्याकडे दहा दिवसांचे दूध बिल आणि ३१ मार्चचे व्याज तपासायला तारीख पुढेमागे करावी लागते. व्हर्च्युअलबॉक्सची गेस्ट ॲडिशन्स (मशीनमध्ये बसवायची पूरक साधने) ती गुपचूप होस्टप्रमाणे, म्हणजे मूळ संगणकाप्रमाणे, परत आणतात, विंडोजची इंटरनेट वेळही तेच करते. दोन्ही बंद केल्याशिवाय त्या निकालांवर विश्वास ठेवू नये.

टेम्प्लेटमध्ये खऱ्या संस्थेचा डेटाबेस तर कधीच नको. त्याच्या प्रती किती लॅपटॉपवर जातात याचा हिशोब राहत नाही, आणि त्यात उत्पादकांचे आधार व बँक खाते क्रमांक असतात. नावे-आकडे बनावट भरावेत, पण मराठी जोडाक्षरांसह.

डॉट मॅट्रिक्सवरची दूध पावती आणि पासबुक छपाई यांची खात्री व्हर्च्युअल मशीनवर होत नाही. कागद सरकतो कुठे ते छापूनच कळते. त्यासाठी पॅरलल पोर्टचा एक जुना संगणक भंगारात न देता ऑफिसात ठेवावा.

आपला,
एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर