ज्या प्रश्नाला उत्तरच नाही, त्याचे गुण का कापता?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाशिक रोडजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी २२ वर्षं सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवते. कॅम्पस मुलाखती जवळ आल्या की मुलं प्रश्नांच्या झेरॉक्स घेऊन स्टाफरूमच्या दाराशी उभी राहतात. त्या गठ्ठ्यातल्या एका प्रश्नाबद्दल मला लिहायचं आहे. तो पेपर काढणाऱ्यांच्या, मुलाखती घेणाऱ्यांच्या आणि क्लास चालवणाऱ्यांच्या नजरेला पडावा म्हणून आपल्या पत्रातून लिहिते आहे.

प्रश्न असा. आय या व्हेरिएबलमध्ये, म्हणजे किंमत ठेवायच्या डब्यात, ५ आहेत. एकाच प्रिंटएफमध्ये, म्हणजे छापायच्या एकाच आज्ञेत, आय, आय प्लस प्लस आणि प्लस प्लस आय अशा तीन किमती छापायला सांगितल्या, तर आउटपुट काय? प्लस प्लस म्हणजे किमतीत एकाची वाढ. ते मागे लावलं तर आधीची किंमत वापरायची नि मग वाढवायची, पुढे लावलं तर आधी वाढवायची. झेरॉक्समधलं उत्तर असतं ७ ६ ६. कंस उजवीकडून डावीकडे सोडवायचा, अशी युक्तीही शेजारी लिहिलेली असते.

हे उत्तर बरोबर नाही. चूकही नाही. सी भाषेत या प्रश्नाला उत्तरच नाही. भाषेचं पहिलं अधिकृत प्रमाण १९८९ साली आलं, तेव्हापासून त्यात स्पष्ट आहे की फंक्शनला (प्रिंटएफ हे असंच एक) दिलेल्या किमती कोणत्या क्रमानं काढायच्या ते कंपायलरनं, म्हणजे प्रोग्राम यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरनं, आपल्या सोयीनं ठरवावं, आणि असा क्रम ठरलेला नसताना एकच व्हेरिएबल दोनदा बदलला तर काय होईल याची भाषा कसलीही हमी देत नाही. घरातलं उदाहरण द्यायचं तर, साखरेच्या एकाच डब्यात दोघींनी एकेक चमचा घालायचा आणि तिसरीनं डब्यात किती आहे ते बघून सांगायचं, पण कोणी आधी जायचं ते ठरलेलं नाही. मग तिसरीनं सांगितलेला आकडा बरोबर की चूक, हे कशाच्या आधारावर म्हणायचं?

ही ढिलाई मुद्दाम ठेवलेली आहे. डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला सी घडवली आणि पुढे ती नाना तऱ्हेच्या यंत्रांवर गेली. प्रत्येक यंत्रावरच्या कंपायलरला जो क्रम वेगवान पडेल तो त्यानं घ्यावा, म्हणून ही मोकळीक. जी गोष्ट भाषेनं मोकळी सोडली, तिचीच आपण घोकंपट्टी करून घेतो.

मी स्वतः पहिली आठ वर्षं ७ ६ ६ असंच शिकवलं, फळ्यावर बाण काढून. एकदा एका मुलानं भावाच्या लिनक्स लॅपटॉपवर तोच प्रोग्राम चालवला आणि दुसऱ्या दिवशी येऊन सांगितलं, "मॅडम, ७ ६ ७ येतंय." मी त्याला म्हटलं, टाइप करताना चुकला असशील. तो काही न बोलता जागेवर जाऊन बसला. संध्याकाळी लॅब रिकामी झाल्यावर मी स्वतः टाइप करून पाहिलं. आमच्या लॅबमधल्या टर्बो सी या कंपायलरवर ७ ६ ६. जीसीसी या दुसऱ्या कंपायलरवर ७ ६ ७. पुढे क्लँग हा तिसरा कंपायलर हाताशी आला, त्यावर ५ ५ ७. जीसीसीला सगळ्या सूचना दाखवायला सांगितलं तर तो स्वतःच बजावतो की या ओळीचा अर्थ अनिश्चित असू शकतो. ती सूचना आम्ही कधी पाहिलीच नव्हती, कारण जुन्या टर्बो सीपलीकडे आम्ही गेलोच नव्हतो. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर मी त्या मुलाची माफी मागितली. त्याच्या आधीच्या आठ बॅचेसची मागायची राहिली आहे, ती या पत्रातून मागते.

आता पत्राचं कारण. सिन्नरहून रोज एसटीनं येणाऱ्या माझ्या एका विद्यार्थिनीला गेल्या वर्षी एका लेखी परीक्षेत हाच प्रश्न २ गुणांना आला. तिनं लिहिलं, "याचं उत्तर भाषेच्या प्रमाणात निश्चित केलेलं नाही," आणि खाली दोन ओळींत कारणही दिलं. शून्य मिळालं. उत्तरपत्रिकेची प्रत घेऊन ती माझ्याकडे आली आणि तिनं विचारलं, "मॅडम, पुढच्या वेळी खरं लिहू की ७ ६ ६ लिहू?" मी खरंच लिही म्हणाले, पण ते म्हणायला मला वेळ लागला. तिच्या घरी नोकरीची वाट बघणारी माणसं आहेत हे मला माहीत होतं. असाच प्रश्न एखाद्या कंपनीच्या चाळणी परीक्षेत चार पर्यायांत आला आणि "निश्चित नाही" हा पर्याय तिथे नसला, तर तिनं काय करायचं?

कंपन्या विचारतात म्हणून आम्ही शिकवतो, असं माझे काही सहकारी म्हणतात. त्यांची अडचण मला कळते. पण कंपन्यांतले परीक्षकही याच वर्गांतून गेलेले असतात, आणि आमच्याच झेरॉक्स फिरून त्यांच्या हातात पडतात. टर्बो सीची सवय मुलांना दुसरीकडेही नडते. हा कंपायलर ३० वर्षांहून जुना. ६४ बिट विंडोजवर तो सरळ चालत नाही, डॉसबॉक्स या जुन्या डॉसची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये बसवावा लागतो. तरी जर्नलमधला प्रत्येक प्रोग्राम कोनिओ डॉट एच या टर्बो सीच्या फाइलनं आणि स्क्रीन पुसणाऱ्या सीएलआरएससीआरनं सुरू होतो. ऑनलाइन परीक्षेत कंपायलर जीसीसी असतो, तो कोनिओ ओळखतच नाही. चांगली तयारी असलेली मुलं पहिल्या ओळीलाच अडकून रडवेली झालेली मी पाहिली आहेत.

मुलाला सी येते का हे बघायचं असेल तर सीमध्ये कोडी भरपूर आहेत. तिसरा व्हेरिएबल न वापरता दोन किमतींची अदलाबदल करा, हा मुलाखतीतला नेहमीचा प्रश्न. एक्सॉर या बिटांवरच्या क्रियेच्या तीन ओळी मुलं झोपेतही लिहितात. त्यापुढे एवढंच विचारा की दोन्ही पॉइंटर, म्हणजे किमतींचे पत्ते, एकाच जागेकडे बघत असतील तर? तिथली किंमत शून्य होते. ज्यानं कागदावर चौकोन काढून ड्राय रन केला आहे, म्हणजे प्रोग्राम ओळीओळीनं हातानं चालवून पाहिला आहे, त्याला ते लगेच दिसतं, पाठ केलेला थांबतो. किंवा बायनरी सर्च घ्या, म्हणजे क्रमानं लावलेल्या यादीत दरवेळी मधली जागा बघून अर्धी यादी सोडत शोधणं. मधली जागा काढताना सगळे दोन टोकांची बेरीज करून निम्मं करतात. टोकं २०,००० आणि ३०,००० घ्या. टर्बो सीमध्ये इंट, म्हणजे पूर्णांक, ३२,७६७ च्या वर जात नाही, त्यामुळे ५०,००० ही बेरीज उलटून -१५,५३६ होते आणि मधली जागा येते -७,७६८. दोन टोकांतलं अंतर निम्मं करून खालच्या टोकात मिळवलं की २५,००० बरोबर मिळतात. हीच चूक जावा या दुसऱ्या भाषेच्या अधिकृत लायब्ररीत (तयार कोडच्या संग्रहात) सुमारे नऊ वर्षं कोणाच्या ध्यानात न येता राहिली होती. ज्यांनी तो कोड लिहिला होता त्या जोशुआ ब्लॉक यांनी २००६ साली स्वतःच ती जाहीरपणे सांगितली. वर्गात मी हा भाग सावकाश शिकवते.

आणि आमच्या नाशिककरांच्या घरचं कोडं तर आहेच. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली दाखवलं की चार अंकी कोणतीही संख्या घ्या, फक्त चारही अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लावा, चढत्या क्रमानं लावा, मोठीतून लहान वजा करा, आणि हेच पुन्हा पुन्हा करा. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतात. मी मुलांना सांगते, १००० ते ९९९९ मधल्या अशा सगळ्या ८,९९१ संख्या तपासणारा प्रोग्राम लिहा. बहुतेकांचा प्रोग्राम पहिल्याच संख्येला फसतो. १००० मधून १ गेला, राहिले ९९९. अंक सुटे करताना संख्या शून्य होईपर्यंत दहानं भागायचं अशी सवय असते, म्हणून हाती तीनच अंक लागतात, ९९९ मधून ९९९ जातात आणि शून्य उरतं. वास्तविक तो आकडा ०९९९ आहे. तिथून ८९९१, ८०८२, ८५३२ आणि मग ६१७४. भागाकार मोजून चार वेळा करायचा, एवढाच बदल. सिन्नरच्या त्या मुलीनं तो कोणी न सांगता केला होता. ज्या परीक्षेत तिला शून्य मिळालं त्याच्याच आदल्या आठवड्यात.

माझी विनंती साधी आहे. प्लस प्लसची असली गणितं प्रश्नसंचांतून काढून टाकावीत. जुन्या संचांतून ती अजून येत असतील, तर "निश्चित नाही" लिहिणाऱ्याला पूर्ण गुण द्यावेत आणि तशी सूचना उत्तरतालिकेत छापावी. प्रॅक्टिकलला जीसीसी चालेल असं स्पष्ट लिहावं. तो फुकट मिळतो आणि जुन्या संगणकांवरही चालतो. पेपर काढणाऱ्या कोणाला बदली प्रश्न हवे असतील तर माझ्या वहीत हातानं तपासलेली ६४ कोडी आहेत, प्रत्येकासोबत मुलं कुठे चुकतात त्याची नोंदही आहे. दर शनिवारी दुपारी दोन ते पाच आमची लॅब उघडी असते. वही तिथेच टेबलावर असते.

आपली नम्र,
संगणक विभागातील एक अधिव्याख्याती, नाशिक रोड