शाल तोंडावर नको

महोदय,

परवा सकाळी सातला बोरिवली स्टेशनबाहेर रिक्षाच्या रांगेत उभी होते. पुढे एक जोडपं, आईच्या छातीशी पट्ट्यांच्या झोळीत दोनेक महिन्यांचं बाळ. टोपडं, त्यावर कुंची, त्यावर लोकरी शाल, आणि ती थेट तोंडावरून ओढलेली. न राहवून बोलले. शाल सरकवली तर पोर घामाने चिंब! आई म्हणते, "काकू, हात बघा ना, किती गार पडलेत." अहो, तान्ह्याचे हातपाय गारच लागतात, मानेमागे नाहीतर छातीवर हात लावून बघायचं.

मुंबईची थंडी ती केवढी! आपल्या अंगावर असतील त्याहून एक कपडा जास्त, बस्स. नॅशनल पार्कच्या बाजूला पहाटे गारठा असतो, कबूल. तिथे टोपडं-मोजे हवेतच. पण नाक-तोंड उघडं हवं, हनुवटी छातीत रुतलेली नको, मान खाली घातली की आईला बाळाचा चेहरा दिसला पाहिजे. लोकलच्या गर्दीत शिरलात की टोपडं-शाल आधी काढा, बाळ झोपलेलं असलं तरी.

माझ्या मुलाच्या वेळी मीही त्याला असंच गुंडाळायचे. बारशाला जाड लोकरी सूट आणणाऱ्यांनो, दोन सुती झबली आणा हो!

– एक आजी, बोरिवली (पूर्व)