आधी हवेचा मार्ग बघा, मग लिक्विड कूलर

महोदय,

एप्रिल लागला की इंदुरात एक तक्रार घरोघरी सुरू होते. एडिटिंगसाठी किंवा गेमिंगसाठी हौसेने जुळवलेला डेस्कटॉप तापतो, पंखे भणभणतात, रेंडर (तयार व्हिडिओ बाहेर काढणे) रखडतो. बाजारात विचारावे तर बहुतेक वेळा एकच सल्ला मिळतो: लिक्विड कूलर (नळ्यांतून द्रव फिरवून प्रोसेसर थंड ठेवणारा) टाका. तो टाकूनही पुढच्या मे महिन्यात माणूस पुन्हा तीच तक्रार घेऊन उभा असतो, कारण मूळ दुखणे कूलरच्या आधीच्या टप्प्यावर होते, आत येणाऱ्या हवेत. त्याबद्दल थोडे सविस्तर. (शब्दाचा घोळ नको: आपल्याकडे 'कूलर' म्हटले की खिडकीतला घासाच्या जाळ्यांचा कूलर डोळ्यांपुढे येतो. त्याला इथे 'पाण्याचा कूलर' म्हणतो; नुसता कूलर म्हणजे प्रोसेसरवर बसतो तो.)

कोणताही कूलर, हवेचा असो की लिक्विडचा, प्रोसेसरला खोलीच्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. दोघांमधला फरक आटोक्यात ठेवणे एवढेच त्याचे काम. जानेवारीत खोली 20 अंशांवर आणि प्रोसेसर 70 वर असेल, तर फरक 50. मे महिन्यात खोली 38 ला गेली की तोच प्रोसेसर, त्याच कामाला, त्याच कूलरखाली 88 दाखवणार. यात बिघाड काहीच नाही. पण फरक 50 चा 62 झाला असेल तर मात्र काहीतरी तुंबले आहे. म्हणून नुसते 'नव्वद दाखवतो' म्हणून भागत नाही, खोली किती होती तेही सांगावे लागते. गच्चीखालच्या खोल्यांत तर सूर्य मावळल्यावरही स्लॅब उष्णता सोडत राहतो, आणि जड कामे नेमकी त्याच वेळी काढली जातात.

मोजायचे कसे? साधा थर्मामीटर कॅबिनेटच्या पुढच्या जाळीपासून वीतभर अंतरावर ठेवा. भिंतीवरचा आकडा उपयोगाचा नाही, कारण टेबलाखालच्या कोनाड्यात ठेवलेले मशीन स्वतःचीच गरम हवा पुन्हा ओढत असते. एचडब्ल्यूइन्फो हे तापमान दाखवणारे मोफत सॉफ्टवेअर चालू करा, सिनेबेंच (प्रोसेसरला पूर्ण कामाला लावणारी चाचणी) अर्धा तास सलग फिरवा आणि शेवटच्या पाच मिनिटांचे आकडे घ्या. पहिल्या दोन-तीन मिनिटांचे आकडे फसवे, कारण धातू अजून तापायचा असतो. खोली, प्रोसेसर, त्याचे वॅट आणि पंख्याचा वेग या चार गोष्टी कागदावर लिहून ठेवा. वर्षभराने हाच कागद सर्वांत जास्त कामाला येतो.

किती आकड्याला घाबरायचे, यावरही गोंधळ आहे. एएमडीच्या रायझन 9 7950एक्स या प्रोसेसरची मर्यादा 95 अंश आहे आणि पूर्ण भाराला तो तिथे जाऊन बसेल अशीच त्याची रचना आहे. 7800एक्स3डी ची मर्यादा 89, इंटेल 14900के ची 100. मर्यादेला टेकल्यावर प्रोसेसर आधी आपला वेग कमी करतो, एकदम बंद पडणे ही अगदी शेवटची पायरी. तेव्हा भर दुपारी मशीन काहीही न सांगता फट्कन बंद होत असेल तर संशय आधी एसएमपीएसवर (मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यावर) घ्या. वेग उतरत नसताना बंद पडणाऱ्या मशीनला महागडा कूलर बसवणे म्हणजे पैसे पाण्यात, तेही अक्षरशः.

आता हवा. ग्राफिक्स कार्डाचे 300 आणि प्रोसेसरचे 200 असे 500 वॅट कॅबिनेटात ओतले जात असतील आणि मिनिटाला 100 घनफूट हवा खरोखर आरपार जात असेल, तर बाहेर पडणारी हवा खोलीपेक्षा सुमारे 10 अंश गरम असते. (समुद्रसपाटीला 20 अंशांच्या हवेत हाच आकडा 9 च्या आत येतो. इंदूर साडेपाचशे मीटरवर आहे, वरून उन्हाळ्याची हवा विरळ. एरवी दुर्लक्ष करण्याजोगा फरक, पण हिशेबात असू द्या.) हवा निम्मी झाली की 10 चे 20 होतात, म्हणजे खोली 38 असेल तर मागच्या पंख्यातून 58 अंशांची हवा बाहेर येते. आत त्या दोन्हींच्या मधली हवा कूलरच्या वाट्याला येते. मग तो कितीही भारी असला तरी काय करणार? 120 मिलिमीटरच्या चांगल्या पंख्याच्या खोक्यावर 56 घनफूट वगैरे लिहिलेले असते, पण ते मोकळ्या हवेतले. जाळी आणि फिल्टर यांच्या मागे त्यातली निम्मी मिळाली तरी समाधान मानावे.

म्हणून पहिली चाचणी फुकटची आहे. अर्धा तास भार देऊन आकडा घ्या, मग कॅबिनेटचे पुढचे पॅनेल काढून पुन्हा अर्धा तास. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड सात-आठ अंशांनी उतरले, तर दोष त्या पॅनेलचा. पुढे अखंड काच आणि कडेला बोटभर फट अशी कॅबिनेटे दिसायला देखणी असतात, आत रंगीत दिवे लखलखतात, आणि तीन पंखे त्या फटीतून श्वास घ्यायला धडपडत असतात. इथे कूलर बदलण्यापेक्षा जाळीच्या तोंडाचे कॅबिनेट घेणे शहाणपणाचे. पॅनेल काढून काहीच फरक पडला नाही, पण बाजूची काच काढल्यावर पडला, तर आत येणारी वा बाहेर जाणारी हवा कमी आहे, पंखे वाढवा किंवा त्यांची मांडणी तपासा. दोन्ही काढूनही आकडा ढिम्म राहिला, तरच कूलर किंवा पेस्टकडे (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावतात ती उष्णतावाहक पेस्ट) वळा.

मांडणी अशी: पुढून दोन किंवा तीन पंखे हवा आत घेणारे, मागून एक बाहेर टाकणारा. वर पंखा लावायचाच तर मागच्या कोपऱ्यात, बाहेर टाकणारा. वरच्या बाजूला अगदी पुढे लावलेला पंखा पुढून आलेली ताजी हवा कूलरपर्यंत पोचण्याआधीच वर पळवून नेतो. हा दोष फार ठिकाणी दिसतो, कारण जागा रिकामी दिसली की पंखा बसवला जातो. आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे फटीफटींतून धूळ ओढली जाणार नाही. पंख्याची दिशा ओळखायला साधी खूण आहे: ज्या बाजूला मोटर धरणाऱ्या आडव्या काड्या आणि बहुधा स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. उलटा बसलेला एक पंखा सगळी मांडणी निकामी करतो.

धुळीचे म्हणाल तर ती दिसते तिथे कमी आणि दिसत नाही तिथे जास्त असते. बाहेरून पंख्याची पाती पुसून माणूस समाधानी होतो. पण टॉवर कूलरच्या (पत्र्यांचा उभा मनोरा असलेल्या हवेच्या कूलरच्या) पंख्याची तारेची क्लिप सोडून पंखा बाजूला घ्या, मग दिसेल: पंखा आणि ॲल्युमिनियमच्या पत्र्यांच्या मध्ये राखाडी नमदा बसलेला असतो, नखाने उचलला तर अखंड पट्टीसारखा निघतो. फरक 50 चा 62 होतो तो बहुतेक वेळा यानेच. साफ करताना मशीन बंद, वायर काढलेली. ब्लोअर मारताना पाती बोटाने धरून ठेवा, कारण मोकळा पंखा हवेच्या झोताने मर्यादेबाहेर फिरतो, बेअरिंग खराब होते आणि उलट विद्युतदाब बोर्डाकडे जाऊ शकतो. घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज जमते. खालच्या बाजूला एसएमपीएसचा स्वतःचा फिल्टर असतो. तो बहुतेकांना ठाऊकच नसतो, आणि मशीन सतरंजीवर ठेवले तर तो पूर्ण बंद होतो.

इतके करूनही कूलर बदलायचाच असेल तर प्रोसेसरचे नाव सोडा, तो प्रत्यक्षात किती वॅट घेतो ते बघा. खोक्यावर 65 वॅट लिहिलेला रायझन 5 7600 जास्तीत जास्त 88 घेतो. त्याला चार हीटपाइप (उष्णता पत्र्यांपर्यंत नेणाऱ्या नळ्या) आणि एक 120 चा पंखा असलेला एका टॉवरचा कूलर पुष्कळ झाला. खोक्यावर 120 वॅट लिहिलेल्या 7800एक्स3डी लाही चांगला एक टॉवर चालतो. 230 वॅट घेणाऱ्या 7950एक्स ला किंवा 253 वॅटच्या 14700के, 14900के ला सहा हीटपाइपांचा दोन टॉवरचा कूलर हवा, आणि तिथे भर उन्हाळ्यात वॅटवर मर्यादाही हवी. थर्मलराइट पीअरलेस असॅसिन 120 एसई 155 मिलिमीटर उंच आहे, नॉक्टुआ एनएच-डी15 165. कॅबिनेटच्या माहितीपत्रकात कूलरची कमाल उंची दिलेली असते, ती आधी वाचा. आणखी एक अडचण रॅमची: दिवेवाल्या उंच रॅमवर पुढचा पंखा टेकतो, तो वर सरकवावा लागतो, आणि तेवढीच कूलरची उंची वाढून बाजूची काच बंद होत नाही. डी15 दोन पंख्यांसह 1320 ग्रॅमचा आहे. असे मशीन दुसऱ्या गावी न्यायचे तर कूलर काढून न्या.

लिक्विडची बाजूही न्यायाने मांडायला हवी. 360 मिलिमीटरचा रेडिएटर (द्रव थंड करणारी जाळी) सलग 250 वॅटच्या भाराला दोन टॉवरपेक्षा काही अंश सरस ठरतो. पण सॉकेटभोवतीच्या (प्रोसेसर बसतो त्या खाचेभोवतीच्या) भागांना टॉवर कूलरच्या पंख्याची जी आयती हवा मिळते ती तिथे बंद होते. शिवाय पंप हा एक झिजणारा भाग वाढतो. हवेच्या कूलरमध्ये झिजतो तो फक्त पंखा, आणि तो काही शे रुपयांत बदलता येतो.

पेस्टबद्दल थोडक्यात. जुनी पेस्ट 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. एएमडीच्या एएम5 सॉकेटच्या प्रोसेसरवर मधोमध वाटाण्याएवढा थेंब, इंटेलच्या लांबट 1700 सॉकेटच्या प्रोसेसरवर तीच पेस्ट रेघेसारखी. कूलरच्या तळाची प्लास्टिकची पातळ फिल्म काढायला विसरणारे दरवर्षी भेटतात. स्क्रू कर्णाच्या क्रमाने थोडेथोडे आवळा. जुन्या एएम4 बोर्डावरून कूलर काढण्याआधी मशीन दहा मिनिटे चालवून पेस्ट गरम करा, मग बंद करून हलकेच पिळत काढा. थंड असताना सरळ ओढला तर प्रोसेसर सॉकेटातून उपटून येतो आणि पिना वाकतात.

सर्वांत स्वस्त सुधारणा बायोसमध्ये (मदरबोर्डच्या मूळ सेटिंगमध्ये) आहे. रायझनला इको मोड लावला की खोक्यावर 170 वॅट लिहिलेला प्रोसेसर 105 च्या वर्गात येतो, मोठ्या रेंडरचा वेळ थोडासाच वाढतो आणि तापमान चांगलेच उतरते. इंटेलच्या 13 व्या आणि 14 व्या पिढीत अनेक मदरबोर्ड वॅटची मर्यादा मुळातच उठवून ठेवत. त्या पिढ्यांच्या अस्थिरतेवर 2024 मध्ये नवे मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती) आले, तेव्हा बायोस अद्ययावत करून 'इंटेल डिफॉल्ट सेटिंग्ज' निवडा. पंख्यांचा आलेख 60 अंशांपर्यंत सपाट, 85 ला पूर्ण वेग असा ठेवा, आणि वेग बदलण्याआधी काही सेकंदांचा विलंब द्या, म्हणजे दर क्लिकला घूं-घूं होणार नाही.

राहिला खिडकीतला पाण्याचा कूलर. इंदूरच्या कोरड्या मे महिन्यात तो खोली दहा-बारा अंशांनी उतरवू शकतो. प्रोसेसरचा कूलर बदलून एवढा फायदा कधीच मिळत नाही. ओलसर हवेने आत पाणी साचेल ही भीती खोटी, कारण मशीनचे भाग हवेपेक्षा गरमच असतात. खरा धोका जाळीतून उडणाऱ्या बारीक थेंबांचा. बोअरिंगचे जड पाणी असेल तर ते थेंब सुकून पत्र्यांवर पांढरी खार धरतात, आणि ती ब्लोअरने निघत नाही. मशीन झोताच्या रेषेत ठेवू नका, समोरची एक खिडकी उघडी ठेवा, आणि टाकीतले पाणी दर आठवड्याला बदला.

आपले,
संगणक जुळणी व दुरुस्तीचे काम करणारे दोघे
इंदूर